तार, कागद आणि सोंग : त्रिनिदादच्या कार्निव्हलमधील वेशरचनेविषयी

व्ही. एस. नायपॉल यांचे 'द मिडल पॅसेज' हे प्रवासवर्णन १९६२ साली प्रसिद्ध झाले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ते पुस्तक ठाऊक असते ते बहुधा त्यातील एका निर्णयापुरतेच. वेस्ट इंडीजच्या बेटांवर निर्मिती म्हणावी असे काही घडलेच नाही, तेव्हा त्यांचा इतिहास लिहायचा तरी कशाचा, असा त्या निर्णयाचा आशय. हा निर्णय देणारा लेखक त्रिनिदादमधील चगुआनास येथे जन्मलेला, गिरमिटिया मजुरांचा वंशज. त्यामुळे त्याच्या शब्दांना परक्याच्या टीकेपेक्षा अधिक धार आली. परंतु त्याच १९६२ साली, ऑगस्टअखेर त्रिनिदाद स्वतंत्र होण्याच्या काही महिने आधी, पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांवरून जॉर्ज बेली यांचा 'समव्हेअर इन न्यू गिनी' हा बँड गेला. तो तार, कापड, कागदाचा लगदा, रंग आणि शेकडो माणसांच्या जागरणांतून उभा राहिला होता. दोन दिवसांनी त्यातले काहीही जागेवर उरले नव्हते. ही निर्मिती नव्हे काय, आणि असेल तर इतिहासकाराने ती कोठे शोधावी, हा प्रश्न आम्हांला नायपॉल यांच्या वाक्यापेक्षा अधिक काळ पुरणारा वाटतो.

आधी काही शब्दांचा उलगडा करावा लागेल. त्रिनिदादमध्ये 'बँड' म्हणजे वादकांचा ताफा नव्हे. एकाच विषयावरची सोंगे घेऊन रस्त्यावर उतरणारा, तुकड्यातुकड्यांत विभागलेला जमाव म्हणजे बँड. 'मॅस्करेड' या शब्दाचे तेथे 'मास' झाले आहे आणि हा मास 'खेळला' जातो. आपण होळी खेळतो पण सोंग 'घेतो' किंवा 'आणतो'. तेथे सोंगच खेळतात. या क्रियापदात बरेच काही आहे, त्याकडे पुढे येऊच. उत्सव राखेच्या बुधवारच्या आधीच्या सोमवारी आणि मंगळवारी. त्यानंतर चाळीस दिवसांचा उपवासकाळ. गोव्यातला इंत्रूज ज्या ख्रिस्ती पंचांगातून आला त्याच पंचांगातून हाही आला. मात्र त्रिनिदादमध्ये तो आणला फ्रेंच मळेवाल्यांनी. १७८३ साली स्पॅनिश राजसत्तेने कॅथलिक वसाहतकऱ्यांना जमिनी देऊ केल्या, तेव्हा ते आपले गुलाम आणि आपले मुखवट्यांचे नाच बरोबर घेऊन आले.

या नाचांतील एक तपशील सर्व पुढच्या इतिहासाची किल्ली आहे असे आमचे मत आहे. गोऱ्या मळेवाल्यांचे आवडते सोंग होते 'नेग जादें', म्हणजे मळ्यात राबणारा काळा गुलाम; आणि त्यांच्या स्त्रिया मिश्रवर्णीय स्त्रीचा पोशाख करीत. उसाच्या फडाला आग लागली की रात्री-अपरात्री गुलामांना मशाली देऊन, ढोल-शिंगांच्या गजरात तिकडे हाकून नेत. त्या प्रसंगाचेही नाट्य मालक करीत. १८३४ साली कायद्याने आणि १८३८ साली प्रत्यक्षात गुलामगिरी संपली. मुक्त झालेले लोक रस्त्यावर आले आणि त्यांनी पहिल्यांदा जी सोंगे घेतली त्यांत हेच 'नेग जादें' होते, आणि हीच जळत्या उसाची मिरवणूक, 'कॅनबुले'. म्हणजे मालकाने गुलामाची नक्कल केली होती आणि आता गुलाम त्या नकलेची नक्कल करीत होता. त्याच वेळी 'डेम लोरेन' नावाच्या सोंगातून तो मालकिणीच्या फुगवलेल्या छाती-कमरेची आणि तिच्या दिमाखाची थट्टाही करीत होता. 'अनुकरण' हा शब्द आपल्या समीक्षेत, विशेषतः देशीवादाच्या चर्चेत, बहुधा शिवी म्हणून येतो. येथे तो शिवी म्हणून वापरायचा तर कोणाला उद्देशून, हे ठरवणे अवघड आहे.

वसाहतीच्या सरकारला ही थट्टा मानवली नाही. १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलीस प्रमुख कॅप्टन बेकर आणि लाठीबहाद्दर कॅनबुलेकर यांच्यात जुंपली. १८८४ च्या कायद्यांनी मशाली, ढोल, लाठ्या घेतलेले दहाहून अधिकांचे जमाव यांच्यावर बंदी आली. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला सॅन फर्नांडो येथे मोहरमची मिरवणूक शहरात नेणाऱ्या भारतीय मजुरांवर गोळीबार झाला आणि अनेक जण ठार झाले. भारतीय गिरमिटिये १८४५ पासून या बेटावर येत होते. मोहरमला तेथे 'होसे' म्हणतात, आणि आपण ज्याला ताबूत म्हणतो त्याला 'ताजा'. बांबूच्या कामट्या, रंगीत कागद आणि बेगड यांतून आठवडे खपून मनोरे उभारायचे आणि अखेरीस ते पाण्यात सोडायचे, ही रीत त्या मजुरांनी आणली. कार्निव्हलचे वेशकार आणि ताजाचे कारागीर यांनी एकमेकांपासून नेमके काय घेतले याचा हिशेब मांडता येत नाही. पण हलक्या सांगाड्यावर कागद चढवून भव्य आकार उभा करणे आणि काम झाल्यावर त्याची माया न धरणे, या दोन्ही गोष्टी त्या बेटावर दोन वेगळ्या समाजांना ठाऊक होत्या, आणि एकाच वर्षी दोघांच्याही मिरवणुकांवर सरकारचा हात पडला, एवढे खरे.

हत्यारे, मशाली गेल्यावर वेशाचे महत्त्व वाढले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या मध्यापर्यंत जी पात्रे घडली त्यांची सविस्तर नोंद 'कॅरिबियन क्वार्टर्ली' या नियतकालिकाच्या १९५६ च्या कार्निव्हल विशेषांकात सापडते. डॅनियल क्राउली यांनी पारंपरिक सोंगांची आणि अँड्र्यू पिअर्स यांनी एकोणिसाव्या शतकातील कार्निव्हलची मांडणी केलेला हा अंक या विषयाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. त्यात 'मिडनाइट रॉबर' आहे: प्रचंड घेराची, कडेला झालर लोंबणारी टोपी, लांब झगा, आणि तोंडात पल्लेदार, अतिशयोक्त भाषण, पैसे दिल्याखेरीज ते थांबत नाही. 'पिएरो ग्रेनाड' चिंध्यांचा पोशाख घालून अवघड शब्दांची अक्षरे फोडून दाखवतो आणि शाळामास्तरी विद्वत्तेची टर उडवतो. (आम्हां अध्यापकांना हे पात्र विशेष जवळचे वाटावे.) 'बरोकीत' या सोंगात माणूस कमरेभोवती गाढवाचा सांगाडा बांधून स्वारही होतो आणि जनावरही, त्याचेच भारतीय भावंड म्हणजे 'सुमारी' घोडा. या सर्वांत वेश आणि वाणी, वेश आणि चाल यांची गाठ अशी की एक सोडले तर दुसरे लटके पडते. रॉबरची टोपी संग्रहालयात ठेवली तर ती केवळ मोठी टोपी.

खलाशाचे सोंग घ्या. बंदरात येणाऱ्या युद्धनौकांवरील नाविकांची ती साधी नक्कल होती: पांढरा ड्रिलचा गणवेश, डुलती चाल. आगवाल्याचे सोंग घेणारा हातात लांब सळई धरून भट्टीत कोळसा सारण्याचा नाच करी. पुढे त्या गणवेशावर पदके आली, टिकल्या आल्या, आणि टोपीच्या जागी कागदाच्या लगद्याची शिरोभूषणे आली: पक्षी, मासे, विमाने, काय वाटेल ते. मातीचा साचा करायचा, त्यावर खळीत भिजवलेले कागदाचे थर चढवायचे, वाळल्यावर साचा काढून आतून पोकळ राहिलेला आकार रंगवायचा, ही त्याची कृती. दुसऱ्या महायुद्धात कार्निव्हल बंद होता. १९४६ साली तो पुन्हा सुरू झाला तेव्हा बेटावरच्या अमेरिकी तळांमुळे खलाशांची सोंगे घेणाऱ्यांचा पूरच आला. नक्कल येथे कोठे संपते आणि 'फॅन्सी सेलर' नावाचे, कोणत्याही आरमारात नसलेले पात्र कोठे सुरू होते, याची रेघ ओढता येत नाही.

पन्नाशीच्या दशकात ऐतिहासिक विषयांचे बँड जोरात आले. हॅरॉल्ड साल्डेना यांचा 'इम्पीरियल रोम' १९५५ साली गाजला. हॉलिवूडचे चित्रपट, ज्ञानकोश, सचित्र नियतकालिके, बायबल ही या वेशकारांची ग्रंथसंपदा. रोमन शिपायाचे चिलखत कागदाचे चालेना, म्हणून धातुकाम आले. केन मॉरिस या कारागिराने अशा बँडांसाठी तांब्याच्या पत्र्यावर ठोकून उठावाचे काम केले, ते पुढे स्वतंत्र कला म्हणून मान्य झाले. गोदीत, कचेरीत, दुकानात काम करणारा माणूस मंगळवारी सीझरचा सेनानी होऊन भर रस्त्यातून चालला की नायपॉल यांच्यासारख्यांना त्यात वसाहतीच्या मनाचे दैन्य दिसे. तसे ते काही अंशी होतेही.

परंतु जॉर्ज बेली यांनी १९५७ साली 'बॅक टु आफ्रिका' आणला तेव्हा याच साधनांनी वेगळे काम केले. तोपर्यंत कार्निव्हलमधला आफ्रिकी म्हणजे गवताचा झगा, अंगाला काजळी आणि हातात भाला. बेली यांनी ग्रंथ पाहून, चित्रे पाहून दरबारी वस्त्रे, राजचिन्हे, भरजरी पायघोळ झगे घातलेली आफ्रिका रस्त्यावर आणली. त्या वर्षी घानाला स्वातंत्र्य मिळाले आणि त्या वर्षीचा 'बँड ऑफ द इयर' हा मानही बेलींना मिळाला. ही आफ्रिकाही पुस्तकातून उचललेली होती. बेलींची प्रतिभा रोमसाठी वापरलेले अवजार आफ्रिकेसाठी उचलण्यात होती. ज्याचे पूर्वज साखळदंडाने आणले गेले त्याने तीन महिने स्वतःच्या हाताने एक राजवस्त्र शिवावे आणि ते अंगावर घालून आपल्याच गल्लीतून चालत जावे, याचा त्याच्या पाठीच्या कण्यावर काय परिणाम झाला असेल हे कोणत्याही परीक्षकाच्या गुणपत्रिकेत लिहिलेले नसते. बेली १९७० साली ऐन पस्तिशीत वारले.

हे काम होई ते 'मास कॅम्प'मध्ये, म्हणजे कोणाच्या तरी घरात, अंगणात, भाड्याच्या गाळ्यात. नाताळ उलटला की तेथले दिवे रात्रभर जळत. कागदावरचे रेखाटन वेशकाराचे, पण त्याला तिसरी मिती देणारा मनुष्य म्हणजे तार वाकवणारा. मोजमाप न घेता, पक्कड आणि अंगठा यांच्या बळावर तो तारेचा पक्षी हवेत काढतो. तो सांगाडा हलका हवा, तोल साधणारा हवा, नाचताना डोक्यावरून घसरणारा नको. चिकटवणे, शिवणे, टिकल्या लावणे हे काम शेजारपाजारच्या स्त्रिया, मुले, कामावरून परतलेले लोक करीत. पुष्कळदा पैशांवाचून, रात्रीच्या जेवणावर आणि गप्पांवर. त्या काळाची वर्णने वेशकारांची नावे सांगतात. या हातांची नावे क्वचितच सांगतात.

त्या हातांची एक नोंद मात्र ललित साहित्याने ठेवली आहे. अर्ल लव्हलेस यांच्या 'द ड्रॅगन कान्ट डान्स' (१९७९) या कादंबरीचा नायक आल्ड्रिक प्रॉस्पेक्ट पोर्ट ऑफ स्पेनच्या कॅल्व्हरी हिलवर राहतो आणि वर्षानुवर्षे एकच वेश करतो, ड्रॅगनचा. तो नोकरी करीत नाही. ड्रॅगन शिवणे हेच त्याचे कर्म. लव्हलेस यांनी या शिवणकामाला पूजेची गंभीरता दिली आहे. खवल्याखवल्यातून आल्ड्रिक आपल्या आजोबांचे, बापाचे, मळ्यातून शहरात फेकल्या गेलेल्या आयुष्याचे धागे ओवतो आणि एक पोरगा दाराशी बसून ते पाहत राहतो. कादंबरी वाचताना विद्यार्थी बहुधा ड्रॅगनच्या प्रतीकावर थांबतात. आम्ही सुचवू की त्यांनी ड्रॅगनच्या शिवणीवर थांबावे. वेश पुरा होतो तेथे आल्ड्रिकचे सामर्थ्य संपते. दोन दिवस वस्तीला धाक घालणारा हा ड्रॅगन बुधवारी कोणाचे काय करू शकतो, हा कादंबरीचा खरा सल आहे, आणि लव्हलेस त्याचे सोपे उत्तर देत नाहीत.

आता पीटर मिनशॉल. जन्म १९४१, ब्रिटिश गियानातील जॉर्जटाउनचा, वाढ त्रिनिदादची, रंगभूमीच्या वेशरचनेचे शिक्षण लंडनच्या सेंट्रल स्कूल ऑफ आर्ट अँड डिझाइनचे. वर्णाने गोरे. १९७४ साली त्यांनी आपल्या लहान बहिणीसाठी 'फ्रॉम द लँड ऑफ द हमिंगबर्ड' हा वेश केला. पाच आठवडे, बारा माणसे आणि कापडाची एकशे चार पिसे, असा त्याचा हिशेब ते स्वतः सांगत आले आहेत. परंतु संख्येत त्याचे मर्म नाही. तोवर 'राजा' आणि 'राणी' यांचे वेश इतके भव्य होत चालले होते की त्यांना चाके लावून ओढावे लागे. माणूस पुढे चाले आणि मागून देखावा येई. मिनशॉल यांनी जुन्या, गरीब 'वटवाघूळ' सोंगाकडे पाहिले. त्यात तारेवर ताणलेले पंख खेळणाऱ्याच्या हातांना जोडलेले असतात. हात हलला की पंख हलतो, त्यांच्यामध्ये दुसरे काही नसते. हमिंगबर्डचे पंख त्याच तत्त्वावर उघडले. त्या मुलीची पावले रंगमंचावर पडली आणि वेश उडू लागला. 'खेळणे' या क्रियापदाचा अर्थ येथे लागतो: वेश घालून मिरवायचा नसतो, तो वाद्यासारखा वाजवायचा असतो. रचनाकाराने सांधे, तोल आणि वारा यांची रचना करायची. बाकीची रचना नाचणाऱ्याची. १९९० च्या 'टॅन टॅन' आणि 'सागा बॉय' या महाकाय बाहुल्या याच विचाराच्या. त्यांचे हातपाय नाचणाऱ्याच्या हातापायांना जोडलेले होते. त्यामुळे माणूस ठुमकला की त्याच्या कित्येक पट उंचीची बाहुलीही तश्शीच ठुमके.

१९७६ साली मिनशॉल यांनी मिल्टनचे 'पॅराडाइज लॉस्ट' रस्त्यावर आणले. ज्यांनी ते महाकाव्य परीक्षेसाठी वाचले आहे त्यांनी याची कल्पना करून पाहावी. १९८३ च्या 'रिव्हर'मध्ये सोमवारी सर्व बँड पांढऱ्या सुती वस्त्रांत, माथ्यावर नदीसारखे लांबच लांब ताणलेले कापड. 'वॉशरवुमन' ही त्या नदीची राणी आणि 'मॅनक्रॅब' हा यंत्रलोभी खेकडामानव तिचा वैरी; त्याच्या डोक्यावरच्या शुभ्र रेशमी छतावर पाहता पाहता रक्तासारखा लाल रंग पसरत गेला. मंगळवारी राणी मेलेली, आणि लोकांनी एकमेकांवर रंग ओतून ती शुभ्र वस्त्रे माखून टाकली. त्रिनिदादच्या गावांतून याच सुमारास फगवा, म्हणजे होळी, खेळतात हे ध्यानात घेतले की त्या ओतलेल्या रंगाकडे पाहण्याची आपली नजर बदलते. मात्र मिनशॉल यांच्यावर लोक नेहमीच खूश होते असे नाही: १९९५ साली त्यांनी बँडचे नाव 'हॅलेलुया' ठेवले तेव्हा काही ख्रिस्ती धर्मगुरूंनी ते पवित्र शब्दाची विटंबना म्हणून धिक्कारले. बार्सेलोना, अटलांटा आणि सॉल्ट लेक सिटी येथील ऑलिंपिकच्या उद्घाटनांतही त्यांचा सहभाग राहिला. आम्हांला तो भाग तितका महत्त्वाचा वाटत नाही.

नायपॉल यांना उत्तर याच सुमारास डेरेक वॉलकॉट यांनी दिले होते. १९७४ च्या 'द कॅरिबियन : कल्चर ऑर मिमिक्री?' या निबंधात त्यांचे म्हणणे असे, की कार्निव्हल, कॅलिप्सो आणि पोलादी पिंपांचे संगीत यांची सुरुवात वाटल्यास अनुकरणात झाली म्हणा, पण शेवट नव्या शोधात झाला. जगात आधी नव्हते असे काही त्यातून आले. १९९२ च्या नोबेल व्याख्यानाचा आरंभ मात्र वॉलकॉट यांनी कार्निव्हलने केला नाही. त्रिनिदादमधील फेलिसिटी या गावच्या रामलीलेने केला, जाळण्यासाठी बांबूचा सांगाडा घालून उभारलेल्या भल्यामोठ्या पुतळ्याने. आपण हे नाटक म्हणून पाहत होतो, खेळणाऱ्यांची ती श्रद्धा होती, हे त्यांनी तेथे मान्य केले. कार्निव्हलच्या वेशकारांनी भारतीय समाजाकडे पुरेसे पाहिले का, ही तक्रार जुनी आहे. ब्रायन मॅक्फार्लेन यांनी २००७ साली 'इंडिया : द स्टोरी ऑफ बॉयी' हा बँड काढला, आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम ठरला, एका बँडने ती तक्रार मिटत नाही, हे उघड आहे.

दरम्यान व्यवसाय बदलला होता. गेल्या काही दशकांत रस्त्यावरचे मोठे बँड म्हणजे मणी जडवलेली बिकिनी आणि पिसांचा पिसारा असे समीकरण झाले. हे वेश आता मोठ्या प्रमाणावर चीनमधील कारखान्यांत शिवून येतात. बँडची जागा आगाऊ पैसे भरून आरक्षित करायची. बिकिनीवर टीका करणाऱ्यांत नीतीच्या चौकीदारांचा भरणा असतो, त्यांच्या ओळीत बसण्याची आमची इच्छा नाही. आज मास खेळणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी आहे. आपल्या देहाने भर रस्त्यात मोकळेपणी नाचण्याचा त्यांचा हक्क कोणत्याही तारकामापेक्षा कमी मोलाचा नाही. प्रश्न निराळा आहे. तयार वेश खोक्यातून येतो तेव्हा मास कॅम्पमधली ती जागरणे संपतात. तार वाकवणारा म्हातारा होतो आणि दाराशी बसून पाहणारा पोरगा तेथे नसतो. पुस्तकातून हे शिकता येत नाही, कारण ते पुस्तकात नाही, आणि वस्तूंवरून शिकावे तर वस्तू बुधवारी कचऱ्यात गेलेल्या. हाताने करण्याचा हट्ट धरणारे लहान बँड आहेतच. रॉबर्ट यंग यांच्या 'वल्गर फ्रॅक्शन'मध्ये खेळणाऱ्याने आपला वेश स्वतः घडवावा असा आग्रह असतो. पण त्यांच्या मागे चालणारी माणसे थोडी.

२०१६ साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, मिनशॉल दीर्घ खंडानंतर एकच वेश घेऊन परतले. नाव लांबलचक: 'द डाइंग स्वॉन : रास निजिन्स्की इन ड्रॅग अॅज पाव्हलोव्हा'. उंच काठ्यांवर चालणारे 'मोको जंबी' हे पात्र पश्चिम आफ्रिकेच्या स्मृतीतून आलेले, कॅरिबियनमधील फार जुन्या सोंगांपैकी एक. त्या काठ्यांवर उभ्या राहिलेल्या तरुणाच्या अंगावर रशियन बॅलेतील राजहंसिनीचा पांढरा झगा. पिसांचा ढीग नाही, चाके नाहीत, दिव्यांची आरास नाही. राजांच्या स्पर्धेच्या त्या रंगमंचावर तो अवाढव्य वेशांच्या रांगेत जवळजवळ एकटाच, किडकिडीत दिसला. आणि काठ्यांची टोके अशी घडवलेली, की दुरून पाहणाऱ्याला ती बॅलेरिनाच्या चवड्यांवर उभ्या राहिलेल्या पायांसारखी दिसावीत.